सागरसम्राट आणि सुरयांचं बेट

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. पण एकोणीसशे एक्याण्णव सालच्या उन्हाळ्यात तीन आठवडे मी जहाज होते. माझ्या दोन्ही अंगांवर निळ्या रंगात 'सागरसम्राट' असं लिहिलेलं होतं. आमच्या मांडवे घाटापासून समुद्र दीडदोनशे मैल लांब. तो मी कधी पाहिला नाही, त्यानंही मला पाहिलं नाही, म्हणून बरं.

माझा जन्म तापीकाठचाच. माझा नावाडी सुकदेवभाऊ, त्याच्या वडिलांनी सागाच्या फळ्या आणल्या, गावच्या सुताराकडून मला जोडून घेतलं, सांध्यात कापूस आणि डांबर ठासलं आणि नारळ फोडून पाण्यात सोडलं. तेव्हापासून मी या काठाची माणसं त्या काठाला आणि त्या काठाची या काठाला नेत आले. नवऱ्या नेल्या, शेळ्या नेल्या, केळीचे घड नेले. एकदा एक म्हैस नेली, ती नदीच्या मध्यावर आल्यावर तिला परत जावंसं वाटलं. तरी मी कलंडले नाही. सगळे म्हणायचे, "सुकदेवनी होडी म्हणजे आईनी मांडी."

मग खाली धरण झालं, तापीचा फुगवटा पसरला आणि नदीचं तळं झालं. पाठोपाठ पूल झाला. पुलावरून एसटी पाच मिनिटांत पलीकडे जायला लागली आणि मला कुणी विचारेना. मी घाटावर पालथी पडले. उन्हानं माझे सांधे उकलले.

तेव्हापासून एक माणूस माझ्याभोवती घिरट्या घालू लागला. पितांबर वीटभट्टीवाला. तो यायचा, माझ्या फळ्यांवर बोटाच्या पेरांनी टकटक करायचा आणि म्हणायचा, "साग शे. चांगलं जळई."

सुकदेवभाऊ दर वेळी त्याला "पाहू" म्हणायचा. पण त्याचा 'पाहू' दर वेळी थोडा बारीक होत चालला होता. होडी बसलेली, म्हणजे तोही बसलेला. त्याला दुसरं काही येत नव्हतं.

अशात गावच्या किराणा दुकानाचे केवलशेठ, म्हणजे केवलचंदजी, धावत घाटावर आले. त्यांच्या हातात एक चकचकीत मासिक होतं. रद्दीत आलेलं. शेठ पुड्या बांधायला त्याचं पान फाडणार, तर त्यावर एक छोटंसं पांढरं जहाज, जहाजावर वीसपंचवीस माणसं, सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी आणि समोर बर्फावर पक्ष्यांची जत्रा.

"भाऊ," शेठ म्हणाले, "हे लोक काय करतात माहिती आहे? लहान जहाज घेतात, किनाऱ्या-किनाऱ्यानं जातात, पशुपक्षी बघतात आणि परत येतात. एवढंच! आपल्याकडे काय कमी आहे? फुगवट्यावर मासे टिपणारे सुरय पक्षी आहेत, बगळे आहेत, मगर आहे. फक्त जहाज नाही."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पालथी होते. माझ्या पोटाखाली एक कुत्री व्यायली होती.

पण परवान्याशिवाय माणसं बसवता येणार नव्हती. त्यासाठी जिल्ह्याच्या कचेरीतून रणदिवे साहेब येणार, स्वतः बसून फेरी करणार आणि तपासणीच्या कागदावर सही करणार. सही झाली तर सुकदेवभाऊला धंदा आणि मला पाणी. नाही झाली तर काय, ते सांगायला पितांबर रोज घाटावर येतच होता. सुकदेवभाऊनं त्याला शब्द देऊन टाकला होता, "सही नही व्हयनी तर ली जाय."

म्हणजे मित्रांनो, एका सहीवर माझा जीव टांगलेला होता आणि मला तयार करायचं काम कुणाकडे गेलं, तेही ऐका.

रंगवायला ट्रक रंगवणारा पेंटर आणला. त्यानं नाव झकास काढलं. कमळं काढली. मग मागच्या बाजूला आला, हात काही थांबेना, आणि त्यानं ठळक अक्षरांत लिहून टाकलं, 'हॉर्न ओके प्लीज'. शेठ म्हणाले, "राहू द्या, मागून जहाज आलं तर?"

बसायला मांडववाल्याच्या आठ घडीच्या खुर्च्या ठोकल्या. आणि इंजिनासाठी बोलावला झुलाल मिस्तरी.

झुलाल म्हणजे पंचक्रोशीतला एक नंबरचा मोटारपंपवाला. वीस वर्षं त्यानं विहिरीतून आणि नदीतून पाणी उचलून केळीच्या बागांना पोचवलं होतं. त्यानं शेठच्या मळ्यातलं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन उचलून माझ्या पोटात बसवलं. माझ्या बुडाला भोक पाडून दांडा बाहेर काढला, त्याला पंखा लावला. मी मुकाट्यानं सोसलं.

साहेबांच्या कागदात एक रकाना होता: 'होडीत पाणी शिरल्यास ते काढण्याची यांत्रिक सोय'. शेठनं विचारलं, "मिस्तरी, होईल का?"

झुलाल हसला. "शेठ, पानी काढानं काम माले सांगतस?"

त्यानं इंजिनाला एक पंप जोडला. पंपाला दोन पाईप. पाईपाच्या पाण्यातल्या टोकाला जाळीची झडप असते, तिला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. झुलालनं घाटावर मला पाण्याच्या कडेला उभं करून चाचणी घेतली. इंजिन भकभकलं, दुसऱ्या पाईपातून मनगटाएवढी धार काठावर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठच्या पत्नी चंदनबाईंनी पाईपाला हळदकुंकू लावलं. धार कुठून येते आहे आणि कुठे जाते आहे, हे एकाही माणसानं पाहिलं नाही. शेतकऱ्यांचं गाव. पाईपातून धार पडली की काम झालं!

मला दिसत होतं. पण होडीला कोण विचारतो?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी आठ वाजता साहेब आले. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, गळ्यात दुर्बीण, बगलेत फाईल. त्यांच्याबरोबर दीपनगरच्या कॉलनीतल्या लताबाई होत्या. तिथल्या शाळेत शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी फुगवट्याच्या काठाकाठानं पाखरं मोजत फिरायच्या. साहेबांनी त्यांना माहितगार म्हणून घेतलं होतं.

"मगर दिसेल ना?" साहेबांनी बसता बसता विचारलं.

"गॅरंटी!" शेठ म्हणाले. मगर दिसावी म्हणून ते तीन आठवडे देव पाण्यात घालून बसले होते.

सुकदेवभाऊ, झुलाल, शेठ, चंदनबाई, साहेब आणि लताबाई. सहा माणसं आणि एक इंजिन घेऊन मी निघाले. काठावर पितांबर उभा होता. त्यानं हात हलवला, पण मला तो निरोप वाटला नाही.

पहिला अर्धा तास बरा गेला. फुगवटा आरशासारखा होता. लांब दीपनगरच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसत होत्या. साहेबांनी फाईल उघडली आणि रकाने भरायला लागले. यांत्रिक सोय? त्यांनी पाईपाकडे पाहिलं, पाईपावरचं कुंकू पाहिलं आणि 'आहे' लिहिलं.

तेवढ्यात लताबाई ओरडल्या, "उजवीकडे! सुरय! चोचीत मासा आहे!"

सगळे उजवीकडे धावले. मी उजवीकडे कलले. बुडाच्या भोकातला दांडा कण्हला आणि त्याच्या कडेनं पाणी झिरपायला लागलं. थेंब थेंबच. मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, पण हसू आलं नाही.

"डावीकडे आर्ली पाखरं!" लताबाई म्हणाल्या. सगळे डावीकडे. आता थेंबाची बारीक धार झाली.

पाचसात मिनिटांनी चंदनबाईंनी पाय वर घेतला. "अहो," त्या शेठना म्हणाल्या, "माझी चप्पल तरंगते आहे."

सुकदेवभाऊनं खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं गुपचूप पत्र्याचा डबा घेतला आणि पाणी उपसायला लागला. साहेबांनी पेन थांबवलं.

"काय झालं?"

"काही नाही साहेब," शेठ घाईनं म्हणाले, "थोडं शिंपडलं. आपली यांत्रिक सोय आहे ना! दाखवा हो मिस्तरी साहेबांना!"

झुलाल याच क्षणाची वाट पाहत होता. त्यानं बाह्या सरसावल्या, पंपाची खटकी टाकली आणि इंजिनाची मूठ पिरगाळली. भक भक भक! निघताना आत ओढून घेतलेल्या पाईपातून मनगटाएवढी धार सुटली आणि साहेबांच्या बुटांवर पडली.

"धार बघा, धार!" झुलाल म्हणाला.

पाणी घोट्यापर्यंत आलं.

"मिस्तरी, पानी वाढी राह्यनं," सुकदेवभाऊ म्हणाला.

"पंप कमी पडस," झुलाल म्हणाला. "रेस वाढाडस." आणि त्यानं रेस वाढवली.

पाणी पोटरीपर्यंत आलं. चंदनबाईंनी फराळाला आणलेले खाकरे डब्यातून बाहेर येऊन खुर्च्यांमधून हिंडायला लागले. साहेबांनी फाईलमधला कागद काढला, घडी केली आणि टोपीत घालून टोपी डोक्यावर दाबली. चंदनबाई स्टीलच्या डब्यानं उपसत होत्या, शेठ दोन हातांच्या ओंजळीनं उपसत होते, आणि झुलाल घामानं निथळत म्हणत होता, "आजून रेस! आजून रेस!"

मित्रांनो, मी आतून ओरडत होते. अरे, उलट आहे! वीस वर्षं ज्या हातांनी नदीतलं पाणी उचलून वावरात टाकलं, त्या हातांनी आजही नदीतलंच पाणी उचललं होतं. वावराच्या जागी मी होते.

शेवटी सुकदेवभाऊनं डबा फेकला, वाकून पाईप चाचपला आणि ताठ उभा राहिला.

"मिस्तरी! फुटबॉल नदीमा शे अन् तोंड होडीमा शे! बंद कर! हाई वावर नही, होडी शे!"

झुलालनं पाईपाकडे पाहिलं. मग नदीकडे. मग परत पाईपाकडे. त्यानं मूठ बंद करायला हात घातला, पण त्याआधीच इंजिनानं स्वतःच पाण्यात नाक घातलं, फुस्स केलं आणि थांबलं.

भकभक थांबली तेव्हा फुगवटा किती मोठा आहे ते सगळ्यांना एकदम कळलं.

"साहेब," शेठ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ती बघा मगर."

ती खरोखरच होती. समोर शंभर पावलांवर वाळूचं एक बेट होतं, त्याच्या कडेला ती ऊन खात पडली होती. आमच्याकडे तिनं एकदा पाहिलं, सावकाश उठली आणि पाण्यात शिरली. मग ती कुठे गेली ते कुणालाच दिसलं नाही. साहेबांनी दुर्बीण लावली नाही. त्यांना ती आता तेवढी जवळून बघायची नव्हती.

सुकदेवभाऊनं बांबू हातात घेतला. दात आवळून त्यानं मला रेटत रेटत बेटाकडे नेलं. मी काठोकाठ भरलेली. प्रत्येक रेट्याला दोन बादल्या पाणी आत घेत होते. अखेर माझं नाक वाळूला लागलं. पण बेटाचा उतार मोठा होता. माझं तोंड कमरेएवढ्या पाण्यात आणि माझं बूड, इंजिनासकट, खोल पाण्यावर. मला वर ओढलं नाही तर मी मागे घसरणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"उतरा बठ्ठा!" तो म्हणाला. "शेठ, मिस्तरी, दोर धरा. सहा जण लागलो तर येई वर."

शेठ उतरले. साहेब उतरले. दोर ताणला गेला. मी तसूभर वर सरकले. काय बरं वाटलं सांगू! शेठनं कोरड्या वाळूवर पाय ठेवायला उचलला आणि लताबाई किंचाळल्या:

"शेठ! पाय खाली टाकू नका!"

शेठ एका पायावर उभे राहिले. त्यांच्या तळव्याखाली वीतभर अंतरावर वाळूत साधा खळगा होता आणि त्यात वाळूच्याच रंगाची तीन अंडी होती. त्यापलीकडे आणखी दोन. त्यापलीकडे आणखी. सगळं बेट अंड्यांनी भरलेलं होतं आणि वर शेकडो सुरय आकाशात ओरडत घिरट्या घालत होते. एकानं सूर मारून झुलालच्या डोक्यात चोच मारली.

शेठ घरात मुंगीला सुद्धा वळसा घालून जाणारे. ते पांढरेफटक पडले. "आता मी काय करू?" ते म्हणाले. "पाय कुठे ठेवू?"

"मागे. पाण्यात." लताबाई म्हणाल्या. "सुकदेवभाऊ, ऐका. पाखरं उठली आहेत. या उन्हात अंडी उघडी राहिली तर दहा मिनिटांत आतली पिल्लं शिजतील. आपण इथून लांब गेलो तरच ती खाली उतरतील. होडी वर ओढायची तर ती या घरट्यांवरूनच जाणार."

"अन् नही वढी तर?" सुकदेवभाऊनं विचारलं.

साहेबांचा हात नकळत टोपीकडे गेला. टोपीत कागद होता.

सुकदेवभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं ते खरं सांगते. मला वाटलं, ओढ! अंडी काय, पुढच्या वर्षी पुन्हा होतील. मी पुन्हा होणार नाही. मी थोर वगैरे अजिबात नव्हते. मला जगायचं होतं.

त्यानं दोर खाली सोडला नाही, पण ओढलाही नाही. "चला," तो इतरांना म्हणाला, "त्या शेंड्याकडे. तठे वाळू वली शे, अंडा नहीत."

बेटाच्या ओल्या टोकापाशी, मांडीएवढ्या पाण्यात सहा जण एकमेकांचे हात धरून उभे राहिले. सुकदेवभाऊनं माझा दोर लांब सोडून स्वतःच्या कमरेला गुंडाळला होता. मी इंच इंच घसरत होते. दोर त्याच्या पोटात रुतत होता.

मग वरचा ओरडा कमी झाला. एक सुरय उतरला. मग दुसरा. मग पाऊस पडावा तसे सगळे उतरले आणि जो तो आपापल्या खळग्यावर पोट टेकून बसला. काहीजण आधी पाण्यात पोट भिजवून येत होते आणि ओलं पोट अंड्यांवर ठेवत होते. साहेब तोंड उघडं टाकून बघत होते.

मगर कुठे होती? कुणालाच ठाऊक नव्हतं. झुलाल दर मिनिटाला म्हणायचा, "माना पायले काय तरी लागनं." आणि दर वेळी तो खाकरा निघायचा.

तास गेला. सुकदेवभाऊच्या कमरेवर दोरानं रक्त काढलं होतं.

"सोडा भाऊ," साहेब हळूच म्हणाले. "तुम्हीही जाल तिच्याबरोबर."

त्यानं आणखी थोडा वेळ धरलं. मग गाठ सोडली. मी मागे घसरले, पाणी डोक्यावरून गेलं आणि मी बुडाले. म्हणे बुडता बुडता मी गिरकी घेतली आणि माझ्या मागच्या फळीचं टोक तेवढं उथळ पाण्यावर राहिलं होतं. त्यावरचं 'हॉर्न ओके प्लीज' वाचून साहेब हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. हे मला नंतर कळलं.

दुपारी धुरपदाबाई आली. सुकदेवभाऊची बायको. इंजिनाचा आवाज बंद पडलेला तिनं घाटावरून ऐकला होता. ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबांवर बसून मासे धरणारे चार जण तिनं गोळा केले होते आणि स्वतः पाचव्या ट्यूबवर होती.

"काय शेठ," ती लांबूनच म्हणाली, "घरनी आंघोय राह्यनी व्हती का?"

शेठनं बोट ओठांवर ठेवलं आणि पाखरांकडे दाखवलं.

घाटावर पोचल्यावर साहेबांनी टोपीतला कागद काढला. 'होडी चालू स्थितीत आहे काय?' या रकान्यात 'नाही' लिहिलं. 'यांत्रिक सोय' समोरचं 'आहे' खोडलं. सही केली नाही. सुकदेवभाऊनं मान हलवली. त्यानं रदबदली केली नाही की मिस्तरीचं नावही घेतलं नाही. झुलाल मात्र घाटावर बसून रडला.

मेमध्ये फुगवट्याचं पाणी उतरलं आणि मी चिखलात उघडी पडले. दिलेला शब्द तो शब्द. पितांबरनं बैलजोडी लावून मला घाटावर ओढलं, इंजिन शेठकडे पाठवलं आणि कुऱ्हाड घेऊन कामाला लागला. पहिल्या दिवशी माझ्या दोन फळ्या गेल्या. त्या भट्टीत कशा जळल्या ते मला माहीत नाही. चांगल्या जळल्या असतील. साग होता.

दुसऱ्या दिवशी तिसरी फळी निघत होती, तेव्हा लताबाई सायकलवरून आल्या. हातात रणदिवे साहेबांच्या कचेरीचं सरकारी पाकीट होतं. त्यांनी घाटावरच मोठ्यानं वाचलं: 'सदर बेटावर फेब्रुवारी ते जून या काळात कोणाही इसमास उतरण्यास मनाई करण्यात येत आहे. देखरेखीसाठी सुकदेव यांची नेमणूक करण्यात येत असून, त्यांनी स्वतःची होडी वापरावी. होडीस इंजिन नसावे.' शेवटच्या ओळीखाली शाईनं दोनदा रेघ मारलेली होती.

पितांबरचा हात कुऱ्हाडीसकट थांबला.

"खाले ठेव ती फयी, पितांबरभाऊ," धुरपदाबाई म्हणाली. "शब्द होडीना दिलता, आते ती सरकारनी होडी शे."

पितांबरनं फळी खाली ठेवली. जाताना एकदा टकटक करून गेला. सवय.

आता सहा वर्षं झाली. दोन फळ्या आंब्याच्या लावल्या आहेत, त्या पावसाळ्यात फुगतात आणि मला टोचतात. रंग गेला, नाव गेलं. उन्हाळाभर मी बेटापासून चांगली लांब उभी असते आणि येणाऱ्या होड्यांना आडवी जाते. पाखरं दाखवायला सजवलेली मी, आता माणसांना मागे फिरवते. शेठ काठावर बाभळीखाली सतरंजी टाकून बसतात आणि मासिकातल्यासारखी विकत घेतलेली दुर्बीण लावून बघतात. परवा एक इंजिनवाली होडी भकभकत आली. आतला एक चष्मेवाला सुकदेवभाऊवर डाफरला, "पाच मिनिटं उतरलो तर काय होतं?"

सुकदेवभाऊ म्हणाला, "तुम्हले काही नही व्हत." आणि मला आडवी घालून बसून राहिला. अर्धा तास कुणीच हललं नाही. मग ते गेले.

मित्रांनो, तुम्ही इकडे आलात तर माझ्यात बसायचा हट्ट धरू नका. काठावर थांबा. धीर धरलात तर सुरय तुमच्या समोर येऊन मासा उचलतील. आणि एप्रिलच्या उन्हात तुमच्याबरोबरचं कुणी नदीतल्या कोरड्या वाळूवर पाय टाकायला निघालं, तर त्याचा दंड घट्ट धरा. आधी खाली बघ, म्हणावं. मग पाहिजे तेवढं वर बघ.